आधी त्या मुलाचं, मग कोर्सचं

वाचक विचारतात:

नमस्कार ताई. मी मानेवाडा भागात राहते आणि 9 वर्षांपासून एका सीबीएसई शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. शिक्षण बी.एससी., बी.एड. वय 36. मुलं माझ्याकडे मोकळेपणानं बोलायला येतात. शाळेत समुपदेशक आहेत, पण आठवड्यातून दोनच दिवस. आता हेच काम पूर्णवेळ करावं असं फार मनात आहे. नोकरी सोडून कॉलेजात जाऊन एम.ए. मानसशास्त्र करू, की दूरशिक्षणातून करू? एक 6 महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्सही पाहिला, फी 45,000, ‘नोकरीची हमी’ म्हणतात. मुलगी पहिलीत आहे. सासूबाई म्हणतात, सोन्यासारखी नोकरी सोडून या वयात पुन्हा बाकावर काय बसतेस. अजून एक. नववीतला एक मुलगा प्रॅक्टिकल संपल्यावर मागे थांबतो आणि परीक्षानळ्या धुवायला मदत करतो. परवा म्हणाला, “मॅडम, झोपलो की उठूच नये असं वाटते.” मी म्हटलं, असं नाही बोलायचं बाळा, सगळं छान होईल. घरी येऊन खूप रडले. मी या कामासाठी फार कमजोर आहे का?

– एक शिक्षिका, नागपूर

मॅडम, नमस्कार. शाळेतल्या सवयीनं मॅडमच म्हणते, चालेल ना?

तुमचं मूळ पत्र चार पानांचं होतं, इथं जागेसाठी छोटं केलं. त्या चार पानांत पदव्या, फी, वय, घरचे, सगळं सविस्तर आलं. आणि तो मुलगा आला शेवटच्या पानावर, तीन ओळींत, ‘अजून एक’ म्हणून. मुलंही असंच करतात. अर्धा तास गणिताच्या सरांबद्दल बोलतात, दप्तर उचलतात, दाराच्या कडीला हात लावतात आणि मग वळून म्हणतात, “मॅडम, एक सांगू?” जे सांगायला आलेले असतात ते तेव्हा सांगतात. म्हणून पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. तेव्हा जे बोललो ते, तुमच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, इथं लिहिते. कारण हा अंक वाचणाऱ्या किती तरी शिक्षकांसमोर असाच एखादा मुलगा उभा असेल.

असं वाक्य कानावर पडलं की सरळ विचारायचं. त्याच्याच शब्दांत. “तू म्हणालास ना, उठूच नये असं वाटते. म्हणजे मरून जावं असं वाटते का तुला?” हे विचारताना मोठ्या माणसांचीच जीभ अडखळते. आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात नको ते भरेल, ही भीती असते. तसं होत नाही. विचार आधीच तिथं असतो, आणि कोणीतरी न घाबरता त्याचं नाव घेतलं की मुलाचे खांदे खाली येतात, हे मी किती तरी वेळा पाहिलंय. मग विचारायचं, कधीपासून वाटते, रोज वाटते का, काही करायचं असं ठरवलं आहेस का. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगायचं. आईवडिलांना बोलवायचं, समोर बसवून सांगायचं, फोनवर नाही. आणि घरातली औषधं, शेतीचं घर असेल तर फवारणीची औषधं, कुलपात ठेवायला सांगायची. आपल्या विदर्भात हे सांगायला कधीही विसरू नये. 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक 2022 पासून सुरू आहे, रात्री-अपरात्रीसुद्धा लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. आणि मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे.

“सगळं छान होईल” असं तुम्ही म्हणालात त्यात प्रेमच होतं. पण त्या वाक्यानं मुलाला कळतं की मॅडमला हे ऐकवत नाही. मग तो आपल्याला सांभाळायला लागतो. “हो मॅडम, असंच म्हटलं मी,” म्हणतो आणि नळ्या धुवायला लागतो.

सोमवारी तुम्ही त्याला विचारलंत. तो हो म्हणाला. नंतर काय काय झालं ते सगळं इथं सांगायची गरज नाही. त्याचे बाबा आले, डॉक्टरांकडे जाणं सुरू झालं, शाळेनंही समजून घेतलं, एवढं पुरे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कमजोर आहे का मी. त्या रात्री तुम्हाला रडू आलं कारण तुमच्याजवळ एक फार जड गोष्ट होती आणि ती कोणाजवळ ठेवावी हे माहीत नव्हतं. नवऱ्याला सांगायची नाही, स्टाफरूममध्ये सांगायची नाही, आणि जे सांगितलं ते बरोबर की चूक हे सांगणारं कोणी नाही. मी फोन केला तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काय म्हणालात आठवतं? “ताई, बरं झालं तुम्ही विचारलं.” मला या सगळ्या पत्रावर जे सांगायचं आहे ते यातच आलं. कोर्स निवडताना त्याचं नाव नंतर बघा. शिकत असताना रात्री आठ वाजता ज्याला फोन करता येईल असं कोणी तो कोर्स तुम्हाला देतो का, ते आधी बघा. आमच्या भाषेत त्याला पर्यवेक्षण म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण या कामाचं शिक्षण म्हणजे जवळपास तेवढंच.

माझंच सांगते. मी मराठीची शिक्षिका होते. समुपदेशनाचा एक छोटा कोर्स केला, सगळी पुस्तकं पाठ, आणि शाळेनं मला एक खोली दिली. पहिल्याच वर्षी आठवीतला एक मुलगा येऊन घरातल्या दारूबद्दल बोलला. मला वाटलं, याला वर्गात कोणी तरी सांभाळून घ्यावं. मधल्या सुट्टीत त्याच्या वर्गशिक्षिकेला म्हटलं, “त्याच्या घरी जरा बरं नाही, बघा जरा.” एवढंच. दुसऱ्या दिवशी गृहपाठ नव्हता म्हणून त्याला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर त्या म्हणाल्या, “बस, तुला सूट आहे, तुझ्या घरचं टेन्शन आहे ना.” तो माझ्या खोलीत पुन्हा आला नाही. दहावी होईपर्यंत माझ्या दारावरून जाताना फरशीकडे पाहत जायचा. त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता, माझाही नव्हता. पण कोणाला किती सांगायचं, मुलाला विचारून सांगायचं, हे मला वर्गात एका धड्यात शिकवलं होतं आणि करताना मागे उभं कोणी नव्हतं.

त्यानंतर मी एका ज्येष्ठ बाईंकडे जायला लागले. समाजकार्यात आयुष्य गेलेल्या होत्या, धरमपेठेत राहायच्या. दर शनिवारी दुपारी आम्ही चौघी. नियम एकच: आठवड्यातल्या एका संभाषणाची दहा मिनिटं शब्दशः लिहून आणायची. वहीचं पान मधोमध दुमडायचं, डावीकडे मूल काय म्हणालं, उजवीकडे आपण काय म्हणालो. मी मोठ्या अभिमानानं पहिली वही नेली. बाईंनी काही न बोलता लाल पेन्सिल घेतली आणि उजव्या बाजूच्या प्रत्येक ‘पण’भोवती गोल काढत गेल्या. “पण आई तुझ्या भल्यासाठीच म्हणते ना.” “पण तू अभ्यास केलास तर.” दोन पानांत अकरा गोल. मग वही माझ्याकडे फिरवली आणि म्हणाल्या, आता डावीकडे बघ. डावीकडे त्या मुलीचं पहिलं उत्तर पाच ओळींचं होतं. पहिल्या ‘पण’नंतर तीन ओळी. मग एक. शेवटच्या अर्ध्या पानात नुसतं “हो मॅडम”, “हो मॅडम”, “हो मॅडम”.

हे कोणतंही पुस्तक मला दाखवू शकलं नसतं. कार्ल रॉजर्स यांनी अमेरिकेत 1940 च्या दशकात समुपदेशनाची सत्रं ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यांसोबत ऐकायला सुरुवात केली, ती याच कारणासाठी. समोरच्याला आपण ऐकतो आहोत असं आपल्याला वाटत असतं, आणि आपलंच बोलणं परत ऐकलं की कळतं, आपण कुठं थांबलोच नाही. तिथल्या शाळा-समुपदेशकाच्या पदव्युत्तर शिक्षणात आजही याला मोठी जागा आहे. सीएसीआरईपी ही मान्यता देणारी संस्था सांगते, 100 तासांचं प्रात्यक्षिक, त्यानंतर 600 तासांची इंटर्नशिप, आणि त्यातले 240 तास प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसोबत. या सगळ्या काळात दर आठवड्याला पर्यवेक्षकासोबत सरासरी एक तास, शिवाय गटातली बैठक वेगळी. आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे मिळणार नाहीत. पण मोजायला माप हवं, म्हणून सांगितले.

आता तुमचे पर्याय. दूरशिक्षणातून एम.ए. मानसशास्त्र हा रस्ता तुमच्यासाठी बंद झाला आहे. 2021 च्या एनसीएएचपी कायद्यात (संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा) आलेले आरोग्यसेवेशी जोडलेले विषय, त्यात मानसशास्त्रही आलं, दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन शिकवायला यूजीसीनं 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली. अजूनही कोणी ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, नवे प्रवेश सुरू’ म्हणत असेल तर पैसे भरू नका. पुष्कळ नोकरदार बायकांची यानं अडचण झाली, हे मला दिसतं. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी त्याच भरवशावर होत्या. पण काही ठिकाणी कोणासमोर न बसता, कोणी आपलं काम न पाहता या विषयातली पदवी हातात येत होती, हेही बरोबर नव्हतं.

6 महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सबद्दल तुम्ही विशेष विचारलंत. त्यांच्या ऑफिसला फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा. किती तास मी खऱ्या मुलांसमोर बसणार? माझं काम कोण बघणार, त्यांचं स्वतःचं शिक्षण काय आणि अशा किती जणींचं ते बघतात? मुलानं जिवाचं काही बोललं तर मी त्याच दिवशी कोणाला फोन करायचा? पलीकडून “मॅडम, आमच्याकडे शंभर व्हिडिओ आहेत” असं उत्तर आलं तर 45,000 रुपये मुलीच्या नावानं टाका. नोकरीची हमी तर कोणीच देऊ शकत नाही, शाळा काय त्यांच्या आहेत?

तुमच्यासाठी मला जो रस्ता योग्य वाटतो तो एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा डिप्लोमा. एक वर्षाचा आहे, जानेवारी ते डिसेंबर. पहिले सहा महिने घरी राहून अभ्यास, नंतर तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, शेवटचे तीन महिने आपल्याच गावी इंटर्नशिप. आपल्याला जवळचं केंद्र भोपाळचं, श्यामला हिल्सवर त्यांची प्रादेशिक शिक्षण संस्था आहे. हा कोर्स मुळात सेवेतल्या शिक्षकांना समोर ठेवून बांधलेला आहे. तुमचं बी.एड. आणि 9 वर्षांचा शिकवण्याचा अनुभव तिथं ओझं होत नाही, कामाला येतो. शेवटचे तीन महिने तुम्ही नागपुरातच, शाळेतच काम करणार आणि त्यावर मार्गदर्शकांची नजर असणार, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शिवाय सीबीएसईच्या 2018 च्या संलग्नता उपविधींमध्ये, म्हणजे शाळांना जोडून घेण्याच्या नियमांमध्ये, समुपदेशकासाठी जी पात्रता लिहिली होती, तिच्यात मानसशास्त्रातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, बालविकासातली पदव्युत्तर पदवी, आणि यांच्यासोबत ‘कोणतीही पदवी व करिअर मार्गदर्शन-समुपदेशनाचा डिप्लोमा’ हेही होतं. म्हणजे बी.एससी. आणि हा डिप्लोमा, त्या कागदावर तुम्ही बसत होता. हे नियम नंतर बदललेत, तेव्हा ताजे वाचून खात्री करून घ्या.

त्रास कुठं आहे तेही सांगते. भोपाळचे तीन महिने येतात जुलै ते सप्टेंबर. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे सत्र नुकतं रांगेला लागतं आणि तुम्ही रजा मागणार. बिनपगारी रजेचं बोलणं आत्ताच सुरू करा, लेखी करा, आणि शाळेला सांगा की परत आल्यावर त्यांना घरचीच समुपदेशक मिळेल. मुलगी पहिलीत आहे. नागपूर-भोपाळ सहा-सात तासांचा प्रवास, दर शनिवार-रविवारी येणं झेपणार नाही, पंधरा दिवसांनी जमेल. सासूबाईंना ‘नोकरी सोडते’ असं सांगू नका, कारण तुम्ही सोडतच नाही आहात. तीन महिन्यांसाठी नातीला सांभाळाल का, एवढं विचारा. सोन्यासारखी नोकरी जाईल ही त्यांची भीती खोटी नाही. त्यांच्या पिढीनं नोकरीसाठी काय काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. ती भीती काढून टाकली की नातीला सांभाळायला त्या नाही म्हणणार नाहीत, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. जाहिरातीवर दिवाळीच्या आधीपासूनच लक्ष ठेवा, एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर येते.

कॉलेजात जाऊन एम.ए. करणं चांगलंच आहे, दोन वर्षं पूर्णवेळ देता आली तर. पाया पक्का होतो, चाचण्या कशा बनतात, कशा वाचायच्या ते कळतं. विद्यापीठाचं माहितीपत्रक आधी वाचा आणि विज्ञानाच्या पदवीधरांसाठी काय अट आहे ते बघून घ्या. पण आत्ता, पहिलीतली मुलगी आणि हातातली नोकरी असताना, मी तुम्हाला तिकडे ढकलणार नाही. डिप्लोमा करा, दोन वर्षं काम करा, मग भूक लागली तर एम.ए. करा. तेव्हा प्रत्येक प्रकरण वाचताना समोर एक मूल उभं राहील.

एक तिसरा रस्ता आहे, तो तुम्ही विचारला नाहीत तरी सांगते, तुमच्यासाठी नाही पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी. आपल्या नागपुरात समाजकार्य शिकवणाऱ्या जुन्या संस्था आहेत, बजाजनगरची मातृसेवा संघाची संस्था, तिरपुडे महाविद्यालय. एम.एस.डब्ल्यू.मध्ये क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचा कणा असतो. आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत, दवाखान्यात, शाळेत जायचं, अहवाल लिहायचा आणि मार्गदर्शक प्राध्यापकांसमोर बसून त्यावर बोलायचं. माझ्या धरमपेठच्या बाई याच मुशीतल्या. मूल घरातून येतं आणि घर वस्तीत असतं, हे यांना कोणी वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त सीबीएसईच्या पात्रतेत बसायला वर डिप्लोमाची जोड लागते का, ते ताज्या नियमांत बघून घ्या.

नोकरीचं थोडक्यात. सीबीएसई शाळांना समुपदेशक ठेवणं बंधनकारक आहे, पण नववी ते बारावीत 300 पेक्षा कमी मुलं असलेल्या शाळांना अर्धवेळ ठेवायची मुभा त्या 2018 च्या उपविधींनी दिली होती. ‘दोन दिवस येणाऱ्या मॅडम’ कुठून आल्या ते यावरून कळेल. केंद्रीय विद्यालयांत दरवर्षी करारावर घेतात, थेट मुलाखती असतात. राज्य मंडळाच्या अनुदानित शाळांत या कामाचं स्वतंत्र पद क्वचितच दिसतं, आणि तिथल्या मुलांना गरज कमी आहे असं मुळीच नाही. हे मला वर्षानुवर्षं खुपतं. पगार ठरवताना पदवीधर शिक्षकाची श्रेणी मागा, आणि रिकाम्या तासाला वर्गावर पाठवणार नाही हे लेखी घ्या. सगळ्या समुपदेशकांचा हाच रडका अनुभव आहे: गुरुवारी कोणी रजेवर, जा तुम्ही सातवी ‘ब’वर.

खोलीचंही बघा. मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून काचेची खोली देतात, सगळी शाळा बघते कोण आत गेलं. जिना चढून, वाचनालयाच्या मागं, जिथं पुस्तक बदलायला गेलो असं सांगून जाता येईल, तिथली अडगळीची खोली मागा.

तुमच्या बाबतीत एक जास्तीची अडचण आहे. ज्या मुलाचं तुम्ही ऐकणार त्याच्याच प्रॅक्टिकलचे गुण तुमच्या हातात असणार. आज तुम्ही फक्त ऐकणाऱ्या शिक्षिका आहात तोवर ठीक. पद घेतलंत की शिकवणं सोडा, निदान त्या वर्गांचं तरी. ‘दोन्ही सांभाळते मी’ असं शाळेला म्हणू नका, शाळा लगेच हो म्हणेल.

आणि ‘कोणालाही सांगणार नाही’ असं वचन मुलाला कधी देऊ नका. मी पहिल्या भेटीतच सांगते, तुझं बोलणं माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल, तू दुसऱ्याला इजा करणार असशील किंवा कोणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मला मदत मागावी लागेल, आणि मागण्याआधी तुला सांगेन. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 पोलिसांना कळवायला सांगतं, यात शाळेच्या नावाची चिंता करायला जागाच नाही. न कळवणं हा गुन्हा आहे. 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक तर पाठच हवा. कोणत्याही चांगल्या प्रशिक्षणात यावर दोन-तीन दिवस गेले पाहिजेत. कोर्सवाल्यांना हेही विचारा.

आता एक गोष्ट जी कोणत्याच कोर्समध्ये मिळणार नाही, आणि तुमच्याकडे आहे. पुस्तकं इंग्रजीत, व्याख्यानं इंग्रजी-हिंदीत, आणि आपलं मूल म्हणतं, “मॅडम, मले काही सुचूनच नाही राहिलं.” ‘चिंता विकार’ असं नागपुरातलं कोणतंही मूल म्हणत नाही. ते म्हणतं धकधक होते, कसंनुसं होते, पेपर पाहिला की डोकं बंद पडते, पोटात गोळा येते. कामठीकडची मुलं रडायला आली की हिंदीत जातात. नीट-जेईईसाठी गडचिरोली-यवतमाळकडून येऊन इथं खोली करून राहणारी अकरावीची मुलं पहिल्या महिन्यात “घरची याद येते” म्हणतात आणि तिसऱ्या महिन्यात तेवढंही म्हणत नाहीत, नुसतं “ठीक आहे”. त्या ‘ठीक आहे’ची मला जास्त काळजी वाटते. एक छोटी वही करा. मुलं दुःखाला, भीतीला, रागाला जे जे शब्द वापरतात ते लिहा, मुलाचं नाव न लिहिता. भोपाळला शिकवतील त्या प्रत्येक संकल्पनेसमोर या वहीतला एक शब्द लिहून बघा. जिथं शब्द सापडणार नाही तिथं समजा की तो धडा अजून कळला नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी पटकन. बुद्धिमत्तेच्या चाचण्या, अध्ययन-अक्षमतेचा दाखला, निदान, हे आपलं काम नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमता आल्यापासून पालक शाळेतच दाखला मागतात. आपण ओळखायचं आणि योग्य ठिकाणी पाठवायचं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ ही पदवी पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही. आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाचं करिअर सांगणारे शाळेत स्टॉल लावायला येतील, त्याला काही वैज्ञानिक आधार नाही. त्यांना गेटवरूनच परत पाठवा, मुख्याध्यापक काहीही म्हणोत.

डिप्लोमाला अजून वेळ आहे. तोवर काय करायचं? तुमच्या शाळेत त्या दोन दिवस येणाऱ्या मॅडम आहेत ना, त्यांच्याकडे जा. त्या तुमच्या स्पर्धक नाहीत, त्याही एकट्या आहेत. आठवड्याला अर्धा तास मागा, मधोमध दुमडलेलं पान घेऊन जा, आणि त्यांनाही त्यांचं आणायला सांगा. लाल पेन्सिल मी पाठवते.

तो मुलगा अजूनही प्रॅक्टिकलनंतर थांबतो असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात, आणि विचारलंत की आता त्याच्याशी काय बोलू. तब्येत कशी आहे, गोळ्या घेतोस का, असं रोज विचारू नका, ते डॉक्टर आणि घरचे बघतील. त्याला नळ्या धुवायच्या असतील तर धुऊ द्या. तुम्ही फडकं घ्या आणि शेजारी उभं राहून पुसायला लागा.